ळ असलेली सिस्टीम

सोमवार, ४ नोव्हेंबर

वादळा,

फोन उचलू नकोस. मीही आता करायची नाही. नुसता वाजतो, आणि मग एक बाई सांगते की ही व्यक्ती आत्ता उत्तर देत नाही. इतकं गोड बोलते ती, की मला वाटायला लागलं तिच्याशीच गप्पा माराव्यात, निदान चिडत तरी नाही. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, मध्येच तोडता येत नाही.

तब्येत छान आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आधीपासूनच कुरकुऱ्या आहे, त्याचं काही मनावर घेऊ नकोस. शिलाईवाली रोज येते, रोज उशिरा येते आणि रोज मलाच विचारते, "काकू, आज लवकर उठलात वाटतं?" तुझा चार्जर इथेच राहिलाय. रागाने बॅग भरली की असंच होतं. खिडकीच्या फळीवर ठेवलाय, पुसून.

आता मुद्द्याचं. तू माझा कॉम्प्युटर नवा करून गेलीस, चांगल्या मनानेच केलंस, त्याबद्दल मी कुणाला बोलू देत नाही. तुझ्या बापालाही नाही. पण सगळं काही तुला माहीत नाही, कारण तू भांडण अर्धवट टाकून, दार आपटून गेलीस. म्हणून पहिल्यापासून सांगते.

झालं असं, की भरतकामाच्या मशीनला अक्षरं पुरवणारा माझा जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर उघडेना. त्यावर टिचकी मारली की एक राखाडी चौकट यायची आणि म्हणायची, हे इथे चालत नाही. जणू मी परक्याच्या घरी जेवायला बसले. तू म्हणालीस तसं मी मग नव्या प्रोग्रॅममधली तयार अक्षरं घेतली. देखणी आहेत, नाही म्हणत नाही. क असा पोट पुढे काढून बसलाय, की बघत राहावं. पण ळ नाही. मी वरून खाली शोधला, खालून वर शोधला. शिलाईवालीने चष्मा घालून शोधला. ज्या कंपनीने ती अक्षरं केली तिच्याकडे ळ म्हणून काही असतं हे कुणाला ठाऊकच नसावं. आणि त्या प्रोग्रॅममध्ये अक्षर निवडता येतं फक्त, नवीन काढता येत नाही.

हॉस्पिटलची ऑर्डर अंगावर होती. ल घालून मशीन चालवलं. ॲप्रनच्या खिशावर "बाल-बालंतीण कक्ष". धुण्याच्या पिशव्यांवर "मलके कपडे".

मेट्रनबाईंनी गठ्ठा तसाच परत पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या. ते जास्त वाईट. टेबलावर एक ॲप्रन पसरला आणि म्हणाल्या, "आजी, हे बालंतीण कोण?"

मी म्हटलं, "तीच हो, तुमच्याकडची."

"आमच्याकडे बाळंतिणी असतात. आणि हे मलके? हे काय, आडनाव आहे कुणाचं?"

शिलाईवाली फिस्सकन हसली. मी डोळे वटारले तर म्हणते कशी, "मला नका बघू, मी फक्त कडा शिवते."

हाताने दुरुस्त करून बघितलं. पण ळ म्हणजे ल ला शेपूट नव्हे. एकेक ॲप्रनवर एकेक तऱ्हेचा ळ झाला, एक तर सरळ चष्म्यासारखा दिसत होता. मेट्रनबाई म्हणाल्या, सोळा तारखेच्या शनिवारपर्यंत सगळे नीट करून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्याही वर कुणीतरी आहे.

आणि इथे तुझ्या बापाने संधी साधली. माझा मुलगा आहे, मीच जन्माला घातलाय, त्याचा डाव मला लांबून दिसतो. म्हणाला, "आई, कॉम्प्युटरचं वय झालं, मशीनचं झालं, तुझंही झालं. विकून टाकू. माझ्याकडे ये." गिऱ्हाईकसुद्धा शोधून ठेवलंय त्याने. मी रागाच्या भरात म्हणून गेले, हॉस्पिटलचं काम गेलं तर येईन. त्याने लगेच त्याच शनिवारचा टेम्पो सांगून ठेवला! एवढी घाई त्याने स्वतःच्या लग्नाला केली नव्हती.

तुझी आई चांगली आहे, मला काही कमी पडू देणार नाही. पण तिकडे सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत माझं काम एकच असेल, वेळेवर जेवणं. आणि मग "आजींना विचारा" असं कोण म्हणणार? इथे दिवसातून कितीतरी वेळा म्हणतात.

तर आता ऐक. मी काही रडत बसलेली नाही. काल दुपारी त्या सिस्टीमची सगळी दारं उघडून बघितली. मला वाचायला वेळ लागतो, तुला माहीतच आहे, चौथीत शाळा सुटली आणि खरी अक्षरओळख झाली ती या मशीनवर, टाक्याटाक्याने. पण वेळ लागतो म्हणजे येत नाही असं नाही. एका चौकटीत, अगदी खाली, लिहिलंय: "आधीच्या आवृत्तीवर परत जा." म्हणजे जुनी सिस्टीम त्याने फेकलेली नाही ग! माळ्यावर टाकलीय. काही दिवस ठेवतो म्हणे, मग टाकून देतो. ते दिवस अजून संपलेले नाहीत.

मी परत जाणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझी आजी

ता. क. भांडणात मी तुला "वादल म्हणू का?" असं म्हटलं, त्याचा तुला राग आला ना? आला ना? मग मला काय म्हणायचं होतं ते कळलंच आहे तुला.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

वादळा,

केलं!

म्हणजे निम्मं केलं. पण ते निम्मं इतकं झकास झालं, की आधी तेच सांगते.

सकाळी चहा घेतला, मशीनवर कापड झाकलं, शिलाईवालीला सांगितलं, आज कुणी काही विचारायचं नाही. ती म्हणाली, "ऑपरेशनच करताय की काय?" म्हटलं, "हो. आणि तू नर्स. गप्प उभी राहा." ती गप्प उभी राहिली असं मी म्हणणार नाही, पण उभी राहिली.

आधी पेनड्राइव्ह लावून माझ्या अक्षरांची पेटी त्यावर उतरवून घेतली. अ पासून ज्ञ पर्यंत, ळ सकट. हे तूच शिकवलं होतंस, काहीही करण्याआधी एक प्रत बाजूला ठेवायची. बघ, मी ऐकते तुझं.

मग दाबलं बटण. तर तो लगेच जात नाही ग. आधी विचारतो, "तुम्ही परत का जात आहात?" मला इतकं बरं वाटलं! इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं. खाली कारणांच्या ओळी, समोर छोट्या चौकटी, आपलं असेल त्यावर खूण करायची. जुनी सोपी वाटत होती, जुनी वेगवान होती, असलं काहीबाही. आणि शेवटी एक मोकळी चौकट, "आम्हाला आणखी सांगा."

मी सांगितलं. एका बोटाने लिहिलं, पण सगळं सांगितलं. लिहायला ळ आहे त्यांच्याकडे, टाके घालायलाच नाही. लिहिलं की तुमचा क छान आहे, पण तुमच्याकडे ळ नाही, त्यामुळे आमच्याकडे बाळ जन्माला येईना आणि कपडे मळेनात. ळ नसला तर आमचे डोळे नाहीत, वेळ नाही, काळजी नाही, जिव्हाळा नाही. कंटाळासुद्धा येत नाही आम्हाला. शिलाईवाली मागून म्हणाली, "काकू, टाळं घाला आता." म्हटलं, बरी आठवण केलीस, आणि टाळंही लिहिलं. मग जागा संपली. त्यांच्या मुलांची चौकशी करायची राहून गेली.

पुढे तो म्हणाला, जाण्याआधी नवी दुरुस्ती बघू का, कदाचित तुमचं काम होईल. म्हणजे दारापर्यंत आलेल्या पाहुण्याला "अजून थोडं बसा" म्हणतात ना, तसं. खाली पर्याय होता, "नको, धन्यवाद." तेच दाबलं. उद्धटपणा करायचा नाही.

मग म्हणाला, "तुमचा जुना पासवर्ड माहीत आहे ना? नाहीतर आत जाता येणार नाही."

इथे माझं चुकलं. मी म्हटलं, आमच्या जुन्याला पासवर्ड होताच कुठे! बटण दाबलं की सरळ उघडायचा, दार सताड. तेव्हा मी ठसक्यात पुढे गेले.

पडदा काळा झाला. मग टिंबं गोल गोल फिरायला लागली. मी उठले नाही. शिलाईवालीने जेवून घेतलं, मला म्हणाली, तुम्हीही घ्या, ती टिंबं काही पळून जात नाहीत. माझं लक्षच नव्हतं. दोनदा तो बंद पडून आपोआप सुरू झाला. आणि मग तो निळा पडदा! आपला जुना, कोपऱ्यात थोडा फिकट. मी टाळ्या वाजवल्या. शिलाईवालीनेही वाजवल्या, तिला कशासाठी ते कळलं नव्हतं.

आणि त्या निळ्या पडद्यावर मधोमध एक चौकट. पासवर्ड.

तुझ्या बापाला फोन केला. तो म्हणाला, "होता की. सारखा विचारायचा म्हणून मीच कधीतरी ते विचारणं बंद केलं होतं. जुनी सिस्टीम परत आल्यावर ते पुन्हा विचारायला लागलं असेल." म्हटलं, काय होता? म्हणाला, "मला काय माहीत? घातला होता तुझ्या नातीने." आणि मग हळूच, "राहू दे ना आई आता. टेम्पो ठरलाय."

त्याच्या आवाजात काळजी होती, हे मला कळतं. पण टेम्पोही होता.

आम्ही बरेच शब्द घालून बघितले. माझं नाव, आजोबांचं नाव, गल्लीचं नाव. शिलाईवालीने स्वतःचं नाव घालायला लावलं. म्हटलं, तुझं का असेल? म्हणाली, "असलं तर?" नव्हतं.

तर आता घोडं तुझ्या दारात अडलंय. पत्र मिळालं की सांग. रागात राहूनच सांग, माझी हरकत नाही. मला काही चिंता वाटत नाही. कुलूप लावणारी माझीच नात आहे, कुठल्या परक्या चोराने लावलेलं नाही.

तुझी आजी


रविवार, १० नोव्हेंबर

माझ्या वादळा,

काल तुझा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत म्हणालीस, "आजी, वादळच असणार, वी ए डी ए एल, इंग्रजीत," आणि ठेवून दिलास. बरं. एवढं तरी बोललीस. आवाज बसलाय तुझा, गरम पाण्याच्या गुळण्या कर.

मी घातलं. वी, ए, डी, ए, एल. चुकीचा पासवर्ड. पुन्हा घातलं, सावकाश, प्रत्येक कळ बघून. चुकीचा. शिलाईवाली म्हणाली, "नातीने चुकीचा सांगितला, मुद्दाम." मी तिला म्हटलं, तोंड सांभाळ, माझी नात फोन आपटते पण खोटं बोलत नाही.

मग मी खुर्ची मागे सरकवली आणि विचार केला. पासवर्ड घालणारी आत्ताची तू नव्हेस. तो घातला तेव्हा तू किती होतीस? दुसरीत असशील. स्टुलावर बसायचीस, पाय खाली टेकत नव्हते. मी अक्षरं पंच करत होते त्या दिवसांत. पंच करणं म्हणजे मशीनला सांगायचं, इथे टाका, इथे टाका, इथे वळ. तेव्हाही तयार अक्षरं आणली होती आणि तेव्हाही त्यांत ळ नव्हता. मी म्हटलं, आपण आपला काढू. कागदावर काढला तर एक गोळा मोठा, एक लहान. तू म्हणालीस, "आजी, याला दोन्ही सारखे कर, नाहीतर तो रुसेल." मी सारखे केले. मशीनने पहिल्यांदा टाकला तेव्हा दोरा तुटला, दुसऱ्यांदा टाकला तेव्हा तू ते फडकं घेऊन सगळ्या गल्लीत दाखवत फिरलीस.

मग त्याला कळ कुठली द्यायची? एल वर ल बसला होता. तू म्हणालीस, "शिफ्ट धरून एल. मोठा एल म्हणजे ळ." तसंच ठेवलं. अजूनही माझा हात तसाच जातो, विचार करावा लागत नाही.

आणि तू विसरलीस! पण ती स्टुलावरची विसरली नसणार. ती कधी ल लिहून ळ म्हणणारी नव्हती. मी वी ए डी ए घातलं, करंगळीने शिफ्ट दाबून धरली आणि एल दाबला.

उघडला.

मी ओरडले. शिलाईवाली धावत आली, तिला वाटलं मी पडले. म्हटलं, "पडले नाही, आत गेले!" आम्ही दोघी त्या निळ्या पडद्यासमोर इतक्या हसलो, की समोरचा चावीवाला दुकान सोडून बघायला आला. त्याला सांगितलं, तुमच्या धंद्यातलंच काम केलं आज. त्याला काही समजलं नाही, पण चहा पिऊन गेला.

अक्षरांच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. उघडला, कुरकुर नाही, राखाडी चौकट नाही. अक्षरं सगळी जागच्या जागी बसलेली. ळ वर बोट ठेवलं पडद्यावर. दोन्ही गोळे सारखे.

आता तू म्हणशील, आजी, जुन्या सिस्टीमला बाहेरून किडे लागतात, कुणी तिची राखण करत नाही. भांडणाच्या आधी म्हणाली होतीस, मी ऐकलं होतं. मी नेटची वायर काढून टाकलीय. नुसती काढली नाही, गुंडाळून शिलाईवालीच्या डब्यात ठेवलीय, म्हणजे मला मोह झाला तरी ती देणार नाही. या कॉम्प्युटरला आता बाहेर जायचं कामच नाही. त्याने अक्षरं काढावीत, मशीनला सांगावं आणि गप्प बसावं. तुझी नवी सिस्टीम वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिला ळ शिकवायला कुणीतरी लागेल, एवढंच. ते काम तुझं. अक्षर माझ्याकडे आहे, शिकवणारी तू आहेस, बघ जमलं तर.

मशीन आत्ता चालूच आहे. तो आवाज तुला पत्रात पाठवता आला असता तर बरं झालं असतं.

तुझी आजी


शनिवार, १६ नोव्हेंबर

वादळा ग,

तुझं पत्र आलं. पत्र! मला वाटलं तुमच्या पिढीला पाकीट चिकटवता येत नाही. अक्षर मात्र भयंकर आहे, तुझ्यापेक्षा मशीन बरं लिहितं. "आजी, मला वाटलं मी तुझं सगळं मोडून टाकलं, म्हणून तोंड दाखवायला नको वाटलं" हे वाक्य मी दोनदा वाचलं. वेडे, मला वाटत होतं तू माझ्यावर रुसलीस. तू आपली स्वतःवरच रुसून बसलीस होय! काही मोडलं नव्हतंस. हलवलं होतंस. हलवलेलं जागेवर ठेवता येतं. पुढच्या वेळी मोडलंस तरी फोन उचल, मोडलेल्याचंही बघू.

बाकीचं आता सांगते, बस नीट.

जुने टाके उसवून नवे टाकायचे म्हणजे काय काम असतं ते सांगत नाही. शिलाईवाली या आठवड्यात वेळेवर आली, यावरून ओळख. परवा मी एक ॲप्रन आणि एक पिशवी घेऊन स्वतः हॉस्पिटलात गेले. मेट्रनबाईंनी खिशावरून बोट फिरवलं. मग मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं, "बाळ. बाळंतीण. कक्ष." मग पिशवी उलटी धरून, सुलटी करून, "मळके. कपडे." शेजारची नर्स म्हणाली, "हे आडनाव नाही वाटतं आता." म्हणजे ती गोष्ट सगळ्या हॉस्पिटलभर झाली होती!

मेट्रनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिवारी सगळे आणा. आणि औषध-गोळ्यांच्या खिडकीला पडदा हवाय, त्यावर नाव. जळीत विभागाचे ॲप्रनही तुमच्याकडेच देते. त्यातही ळ आहे."

मी म्हटलं, "असू द्या, आमच्याकडे भरपूर आहेत."

आज सकाळी तुझा बाप टेम्पो घेऊन आला. मी त्याला मुद्दामच काही कळवलं नव्हतं. टेम्पोवाला दोर खांद्यावर टाकून आत शिरला आणि म्हणाला, "कुठलं उचलायचं?" मशीन धडधडत होतं, कुणाला कुणाचं ऐकू येईना. तुझा बाप दारातच उभा. त्याने मशीनकडे बघितलं, मग निळ्या पडद्याकडे, मग इस्त्री करून रचलेल्या गठ्ठ्यांकडे. एक ॲप्रन उचलून वाचला. त्याला वाचायला माझ्यापेक्षाही जास्त वेळ लागला.

"झालं?" म्हणाला.

"झालं," म्हटलं. "आता उभा राहू नकोस. टेम्पो सांगितलायस ना, मग हे गठ्ठे भर. हॉस्पिटलात पोचवायचेत. मी रिक्षा बघणारच होते."

टेम्पोवाला म्हणाला, "मला मशीन न्यायचं म्हणून सांगितलं होतं."

शिलाईवाली म्हणाली, "मशीननेच काम दिलंय तुम्हाला, उचला."

तुझ्या बापाने स्वतः गठ्ठे उचलले बरं का. पाठीवर घेऊन. एकही चुरगळू दिला नाही. शेवटचा गठ्ठा टेम्पोत ठेवून घाम पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी लहानपणी उभा राहायचा तसा, काहीतरी हवं असलं की. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो म्हणाला.

"पण आई, माझ्याकडे कधी येणार मग?"

"उद्या येते ना," म्हटलं. "जेवायला."

तुझी आजी